बादली

मार्चमधलं व्हर्मॉंट. अर्धा बर्फ, अर्धा चिखल.
मेपलच्या खोडांना टांगलेल्या बादल्या,
थेंब, थेंब, मग कितीतरी वेळ काहीच नाही.

कॉलेजच्या छोट्या संग्रहालयात, रेडिएटरशेजारी,
काल्हूच्या राजवाड्यातून आलेला पंखवाला.
त्याच्याही हातात बादली.
पाठ करवतीने तासलेली, उंटाला झेपावी म्हणून.
आणि थेट पोटावरून, पाचरीपाचरीत, राजाची बढाई:
मी हे जिंकलं, मी ते जाळलं, मी हे बांधलं.

पहाऱ्यावर निनवे युखाना.
बुडालेल्या शहराचं नाव, कमरेला किल्ल्या.
"आमच्यात ठेवतात लेकींना," म्हणते,
"गाव हातचं गेलं की."

ज्या भिंतीतून हा कापून काढला
ती सुरुंगाने उडवली, ते
तिने फोनवर पाहिलं, इथेच, डबा खाताना.
चोरांचे आभार मानायचे की कसं
हे तिचं अजून ठरलेलं नाही.

पाच वाजता ती दिवे मालवते,
त्याच्यावरचा सगळ्यात शेवटी.
"श्लामा," म्हणते दगडाला,
ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना म्हणावं तसं, जरा मोठ्याने.

बाहेर अंधारात कुठल्याशा बादलीत
थेंब.
निनवे कुलूप ओढून पाहते. दोनदा.