दोन चमचे

स्नेहसंमेलनात मी झिलू घाडीची नक्कल केली.
'सा-सा-साहेब, च-च-च...'
'चहा' येईस्तोवर
बॅलार्ड इस्टेटचं आमचं अख्खं ऑफिस
खुर्च्यांवरून घसरलं होतं.

झिलूही हसला. सगळ्यांत जोरात.
हसताना तो कुठेच अडखळत नाही,
हे तेव्हा लक्षात आलं माझ्या,
आणि तेही मी
पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवलं.

सोमवारी टेबलापाशी येऊन
त्यानं दोन बोटं वर केली.
मी मान हलवली.

तेव्हापासून कुणाशीच बोलत नाही.
बोटं, भुवया, मान. कामाला चोख.
अकाउंट्समधला कुरतडकर म्हणतो,
'मूकपटात घ्या रे याला!'

हसतात सगळे.
मी कपात बघत राहतो.
साखर अजून
बरोबर दोनच चमचे असते.