घ्यावयाची काळजी

पंखे बंद, बर्नरची ज्योत हलते म्हणून.
कूलर बंद, कारण त्याची ओली झुळूक
तापमापीला खोटं बोलायला शिकवते.
खिडक्यांच्या काचांवर जुन्या निकालांचे कागद डकवलेत,
त्यांतून सदरचं ऊन
नापासांच्या नावांसकट पिवळं होऊन आत येतं.
खोलीचं तापमान एकेचाळीस.
तक्त्यात त्याला रकाना नाही.

हेडाऊभाऊ माठातलं पाणी मोजून देतात,
शंभर ग्रॅम, सत्तावीस अंश.
नळाचं चालत नाही. गच्चीवरच्या टाकीत
त्याच्यावर आधीच प्रयोग झालेला असतो.

पितळेचा ठोकळा, दोनशे ग्रॅम,
दोऱ्याला बांधून वाफेच्या पेटीत अर्धा तास.
नव्याण्णव. इथे शंभर होतच नाहीत,
समुद्र फार खाली आहे.
मग दोरा सैल. ठोकळा कपात.
फोडणीत चुकून पडलेल्या थेंबाएवढा आवाज,
आणि ढवळणी वर-खाली, वर-खाली,
पारा चढतो, अडखळतो, अडतीसवर टेकतो.

कॅलरीमापीच्या तांब्याच्या कपाला
लाकडी पेटीत लोकरीचं अस्तर.
एप्रिलच्या नागपुरात
स्वेटर घातलेला हा एकटाच.

अठरा वर्षं मी फळ्यावर लिहीत आले:
घ्यावयाची काळजी, क्रमांक तीन,
कपातील उष्णता बाहेर जाऊ देऊ नये.
मुलं उतरवत आली.
खाली माझी लाल सही,
मनगटाच्या घामाने पसरलेली.

पितळेचं उत्तर ०.०९०. पुस्तकात आहे.
वह्यांतही बहुधा तेच येतं,
कारण मुलं शेवटापासून निघतात:
आधी उत्तर, मग त्याला शोभेल असा पारा.

चित्ररेखा निखारेचं आलं ०.०९९.

बाहेरचे परीक्षक पुण्याचे होते. कॉलरखाली रुमाल.
म्हणाले, जास्त कसं?
उष्णता निसटली तर उत्तर कमी यायला हवं.
खोडरबर आहे ना जवळ?

ती म्हणाली, निसटली नाही सर. आली.

कुठून?

तिने हात हवेत फिरवला,
नवीन भाडेकरूला घर दाखवावं तसा.
इथून. कप अडतीस, खोली एकेचाळीस.
कपच गार आहे ना बाप्पा खोलीहून,
तो काऊन देईन? तो तर घेऊन रायला.

हेडाऊभाऊंचं बीकर पुसणं थांबलं.

मग ही लोकर कशाला, परीक्षकांनी विचारलं,
आवाज आता परीक्षेचा नव्हता.
खुंटीवर तिचा पांढरा दुपट्टा होता,
बापाच्या मागावरचा, जाड सुती.
गोळीबार चौकातून सायकलने येताना
डोळ्यांपुरती फट ठेवून ती तो बांधते.
तिने नुसतं तिकडे बोट केलं.

परीक्षकांनी रुमाल काढला, घडी उलटली,
पुन्हा कॉलरखाली खोचला.
गुण किती दिले ते पाकिटात गेलं,
पाकिटाला लाख लागली. लाखेला तरी
काडी ओढायची फारशी गरज नव्हती.

सगळे गेल्यावर मी डस्टर घेतलं.
क्रमांक तीनमधला 'बाहेर' पुसला.
तिथे 'आत' लिहायचं की जागा मोकळी सोडायची
हे ठरेना. पुस्तक ज्याने लिहिलं
त्याच्या खोलीत खिडकीबाहेर थंडी असेल,
आणि टेबलावरचा कप
घरातलं सगळ्यात ऊबदार माणूस.

ठोकळा उचलला. कधीचाच कोरडा झालेला,
तरी गरम. टेबल गरम,
वजनांची पेटी, कात्री, हजेरीपट,
सगळी एकेचाळीसवर एकमत झालेली.
मी सदतीस.
या खोलीतली सगळ्यात गार वस्तू,
आणि दुसरे हेडाऊभाऊ,
जे दाराशी खांद्यावरचं फडकं हाताला गुंडाळून
कुलूप धरत होते आणि म्हणत होते,
चला मॅडम, आता बाहेरही तेच आहे.