मग तू बाहेर का जातेस

गुडवेग हेलेसॉय, वय एकसष्ट,
जाळी दुरुस्त करणाऱ्या शेडमधली.
बोटांना डांबराचा वास, उजवा कान बंद.
तीन आठवडे दाढ ठणकतेय,
तोंड उघडते, पण एक्स-रेला नाही म्हणते.

"एकदा घेतलेत किरण.
माझा वाटा संपला."

तिची गाठ मी पाहिलेली नाही.
ती सांगते तेवढीच मला ठाऊक:
कानामागे, आत, ब्लूबेरीएवढी.
साधी आहे, म्हणाले होते तिला. साधी म्हणजे
जी जीव घेत नाही,
फक्त कान घेते, तोल घेते,
आणि बोटीवर चढताना
परक्या माणसाचा हात धरायला लावते.

बर्गनला तिच्या कपाळावर चौकट बसवली,
चार स्क्रू पिळून.
मग चाळीस मिनिटं ती पडून राहिली
आणि काहीच झालं नाही.
"तेच तर," ती म्हणते,
"दुखलं असतं तर कळलं असतं
कुठे थांबलं ते."

डॉक्टर ट्वेट स्टूल ओढून तिच्या डाव्या बाजूला बसतात.
हा एक फोटो म्हणजे
या खडकावर काढलेला एक दिवससुद्धा नाही, सांगतात.
तुमचं तळघर याहून जास्त देतं, वर्षभर, न विचारता.
तिथे जे दिलं
त्याच्या हजाराव्या भागाइतकंही इथे नाही.

"थेंबच ना?" ती म्हणते.
"बोटही थेंबाथेंबानंच भरते."

डॉक्टर गप्प.
मग त्यांनी बर्गनला फोन लावला, स्पीकरवर.
तिथली बाई किरणांचे हिशेब ठेवते,
मागे कुणीतरी कपबशा विसळत होतं.
"शून्य म्हणणार नाही," ती म्हणाली,
"शून्य मी कशालाच म्हणत नाही.
पण हा धोका इतका बारीक आहे की मला तो मोजता येत नाही,
आणि दाढेखाली पू झाला असेल
तर तो धोका मी इथूनही मोजू शकते."

गुडवेगनं फोनकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.
"इतकं साधं असेल,
तर मग तू बाहेर का जातेस?"

अठरा वर्षं मी बटण दाबतेय.
हा प्रश्न पुष्कळांनी विचारलाय,
पण विचारून कुणी थांबलं नव्हतं.

मी तिच्या चांगल्या कानाकडे वाकले.
म्हटलं, तुझी बोटं बघ.
एका गाठीनं काळी झाली का?
तू वर्षातून एकदा येतेस.
मी दिवसातून तीसदा इथे असते.
मी शेडमध्ये राहणारी, तू पाहुणी.

तिनं बोटं नाकाशी नेली.
बराच वेळ.
धक्क्यावर फोर्कलिफ्ट मागे येत होती, टीं टीं टीं,
ते तिला अर्धंच ऐकू येत असणार.

"ते जड जाकीट कुठे गेलं?
पूर्वी घालायचात ते, शिशाचं?"
आता लागत नाही, मी म्हटलं, नियम बदलले.
"लागत नाही, ठीक. पण आहे का?"

होतं. कपाटात, मॉपच्या बादलीमागे.
मी तिच्या खांद्यावरून ते छातीवर पसरलं.
तिनं डोळे मिटले, दोन्ही हातांनी कडा धरली,
गोधडी ओढून घ्यावी तशी.
डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं.

मी दाराबाहेर गेले
आणि काचेतून तिला दिसेल अशी उभी राहिले.
एक टिचकी वाजावी एवढा आवाज.
परत आत.

पडद्यावर दाढ उमटली, मुळाखाली काळी सावली.
पू, डॉक्टर म्हणाले, आज काढून टाकू.
गुडवेग सावलीकडे बघतच नव्हती.
तिची नजर वरच्या कडेवर,
जिथे फोटो संपतो
आणि पुढे राखाडी चौकटच असते.

"कान?"
त्या खूप पलीकडे, मी म्हटलं. इथवर येतच नाही.

"बरं," ती म्हणाली,
आणि जाकीट तसंच ठेवून
तोंड उघडलं.