बेल्जियम, म्हणजे बेळगाव नव्हे

गंगव्वाला वाटलं मी बेळगावलाच चाललोय.
"दीड तासाच्या वाटंला एवढी मोठी बॅग कशाला गं?"
बेल्जियम, म्हटलं. बेल-जि-यम.
"तेच की," म्हणाली, आणि पान कापत राहिली
पत्र्याच्या मापावर, कात्री न थांबवता.

आमच्या निपाणीकडं बाईसुद्धा "जातो" म्हणते.
पुण्यात मुलाखतीला "जाते" म्हणताना
जीभ दाताखाली आली.
तरी निवडलं. अभ्यासदौरा. लोकशाही बघायला.

रेशनकार्डावर मी खोत, आधारवर कोत,
बँकेच्या पासबुकात, देव जाणे, कोटा.
स्टँप पेपरवर लिहून दिलं:
ह्या तिन्ही बायका मीच.
चौकशीला आलेल्या पोलिसानं कन्नडात विचारलं,
मी मराठीत सांगितलं, त्यानं इंग्रजीत लिहिलं.
चहा तेवढा दोघांनी न बोलता घेतला.

फॉर्मच्या शेवटी रकाना होता:
तुमच्या भागातला राजकीय प्रश्न, पन्नास शब्दांत.
आधी सीमा लिहिली.
मग बापाची सायकल आठवली,
म्हणजे इराप्पाची सायकल.
एक नोव्हेंबरला बाप दंडाला काळी फीत बांधून
मोर्चाला जायचा तो तिच्यावरनं,
आणि इराप्पा लाल-पिवळा झेंडा लावायला
चौकापर्यंत चालत, शिव्या देत.
झेंड्यासाठी नव्हे, फितीसाठी नव्हे,
चालावं लागतंय म्हणून.
हे पन्नास शब्दांत बसेना.
खोडून लिहिलं: हजार विड्यांची मजुरी, आणि छाट.

निघताना गंगव्वा म्हणाली, "होगि बा."
जा आणि ये, ह्यातलं "ये" ती जरा दाबून म्हणते.

अकरा दिवस. सतरा देशांची माणसं.
गळ्यात नावाच्या पाट्या.
माझ्या पाटीवर चौथीच कुणी बाई.
कानाला लावायच्या यंत्रात सहा भाषा होत्या,
माझी नव्हती. गंगव्वाचीही नव्हती.
त्याचं जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

संसद दाखवली. खुर्च्या मऊ.
नकाशावर लांब काठीनं भाषेची रेघ दाखवली,
मग आगगाडीनं त्या रेघेपलीकडं नेलं.
मी काचेला नाक लावून बसलो,
कोगनोळीचा नाका यावा तसं काही येईल म्हणून.
गायी आल्या. ओली कुरणं.
शिडीवर चढलेला एक माणूस.
आणि मध्येच कधीतरी गाडीतली न दिसणारी बाई
बोलत होती ती भाषा सोडून
दुसरीतच पुढची स्टेशनं सांगायला लागली.
एवढंच.
कुणी पेपरातनं मान वर केली नाही.

आमच्यातल्या एकानं वहीत लिहिलं: आदर्श.
माझ्या बाजूचा म्हातारा मोडक्या इंग्रजीत म्हणाला,
ह्यापायी आमच्यात सरकारं पडलीत, बाई,
आणि माझी सख्खी बहीण
अजून माझ्याशी बोलत नाही.
मी त्याला सायकलीचं सांगायला गेलो.
इराप्पाच्या शिव्यांना इंग्रजी मिळेना.
तेवढ्यात त्याचं स्टेशन आलं,
टोपी काढून उतरून गेला.

परत आलो. अहवाल द्यायचाय, दोन पानं.
युनियनच्या खोलीत बायका जमल्या, मांडीवर सुपं.
संसद सांगितली, खुर्च्या सांगितल्या,
आवाज बदलणारी गाडी सांगितली.
"बेळगावात थंडी होती काय?" गंगव्वानं विचारलं,
आणि सगळ्या हसल्या, मी पण.

हलीमा मुजावर हसली नाही.
दोऱ्याचं टोक दातानं तोडत म्हणाली,
"तिकडं छाट कोण ठरवतंय?
ह्यो माल चांगला, ह्यो फेकायचा, असं
कोण म्हणतंय? मालक का कामगार?"

मला माहीत नव्हतं.
अकरा दिवस, सतरा देश, सहा भाषा,
आणि हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

खोलीत नुसत्या कात्र्या वाजत राहिल्या.
मग गंगव्वानं भिजवलेली पानं माझ्याकडं सारली.
"सुकतील," म्हणाली. "बस. हात चालू दे."