बाविसावं चक्र

रात्री पावणेतीनला साबळेमामा नळी देऊन गेले,
जांभळ्या टोपणाची, अजून कोमट.
चिठ्ठीवर: अनोळखी पुरुष, अंदाजे चाळीस.
खराडी बायपास. ट्रक. दिवस तिसरा.
नावाच्या जागी एक आडवी रेघ
आणि रेघेवर कुणाच्या तरी चहाचा डाग.

ताप एकशे तीन.
बाटलीत रक्त वाढत ठेवलं होतं,
एकही जंतू उगवला नाही.
"मग हा पेटलाय कशानं?"
डॉक्टर इनामदार फोनवर, जांभई गिळत.

सेंट्रिफ्यूज थांबताना
गिरणी बंद होते तसा आवाज उतरत जातो.
लाल खाली बसतं. वर उरते
वरणाच्या निवळीसारखी पिवळट निवळ.
तिच्यात मी शोधते
जे तिथे इतकं असायला नको.

मायटोकाँड्रिया.
नववीत बटाट्यासारखा काढायचो,
खाली लिहायचं पेशीचं वीजघर, दोन मार्क.
कुणी सांगितलं नाही तेव्हा
की हा मुळात बाहेरचा.
दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी एक जंतू आत शिरला
आणि राहिलाच.
ना करार, ना डिपॉझिट, ना पोलीस व्हेरिफिकेशन.
असा भाडेकरू पुण्यात कोण ठेवेल?
पण भाडं श्वासागणिक चुकतं केलं त्यानं.
फक्त स्वतःची वही मालकाच्या कपाटात ठेवली नाही सगळी,
थोडी जवळच राखली,
साडेसोळा हजार अक्षरांची, गोल.

घर उभं आहे तोवर कुणाच्या लक्षात येत नाही.
मग चाक जातं मांडीवरून.
भिंती फुटतात, वहीची पानं
रक्तात उडत सुटतात.
पहारेकरी एखादं उचलून बघतात:
हस्ताक्षर परकं. जंतूचं.
शिट्ट्या. धावाधाव.
आणि ज्याचं घर पडलंय
त्याच्याच अंगणात लाठ्या चालतात,
फुफ्फुसांत, मूत्रपिंडांत,
जिथे चाक पोचलंही नव्हतं.

मशीन चाळीस चक्रं फिरतं, दर चक्राला दुप्पट.
तुलनेला माझंच रक्त लावलंय शेजारी,
ते तिसाव्यापर्यंत सपाट, झोपलेलं.
त्याची रेघ बाविसाव्यालाच उठते.
आठ वेळा दुप्पट.
मी बोटांवर मोजते, कॅल्क्युलेटर असून:
दोनशे छप्पन्न.

"जंतू नाही, सर. त्याचंच आहे.
त्याचंच मोडलेलं."
"हं. मग द्यायचं काय?"
ते आकड्याला माहीत नसतं.
आकडा औषध नव्हे, बोट दाखवतो फक्त.
मी म्हणते, लघवीवर लक्ष ठेवा.
ते म्हणतात, ठेवलंय.

एक गोष्ट फॉर्मवर मावत नाही.
ही वही बापाकडून येत नाही.
आईकडून येते, तिला तिच्या आईकडून,
बहुतेक अक्षर न अक्षर तशीच.
म्हणजे ज्याला नाव नाही
त्याची आई, आजी, पणजी
माझ्या पिपेटच्या टोकाला,
पाच मायक्रोलिटर.
आणि ती बाई कुठेतरी
फोन लागत नाही म्हणून चिडली असेल,
चार्जिंग करत नाही मेला, म्हणाली असेल.

सहाला खिडकीत उजेड.
नदीवरच्या पुलावर पहिली पीएमटी,
अजून जुनंच नाव येतं तोंडात.
साबळेमामा दारात, चप्पल काढू की नको अशा बेतात.
"खाली एक बाई बसलीय, परतूरची.
दोन दिवस सगळे दवाखाने फिरतीय.
मुलगा म्हणती का दीर, नीट कळंना, रडतीय."

तिचं रक्त घ्यावं लागणार नाही बहुतेक.
चेहरा पुरेल.
चेहरा राहिला असेल तर.

मी हातमोजे काढले.
उरलेली निवळ उणे ऐंशीत ठेवली.
लेबलवर आकडा लिहिला, तारीख लिहिली,
आडवी रेघ राहू दिली,
शेजारी एका नावाइतकी जागा सोडून.