मोजे

आमच्यात दारात म्हणायचं: जुमालन तेर्वे,
देवाचा नमस्कार. तो फक्त आपल्या माणसांना.
दुकानदाराला, डॉक्टरीणबाईंना, वाट सोडलेल्या हेल्वी आत्याला
नुसता नमस्कार, कुणालाही करतो तसा.

अकरा भावंडांत इन्केरी चौथी, मी नववा.
मार्चमध्ये तिचं पत्र आलं, दोन ओळींचं.
आईने ते राईच्या पिठाच्या डब्याखाली सारलं.
कुणी काही विचारलं नाही,
फक्त डबा जो तो जपून उचलू लागला.

आज ती आली, ऊलूहून, शेवटच्या बसने.
कानात एवढीशी कुडी.
आई दारात, तोंड अर्धवट उघडं,
दोन्ही नमस्कार जिभेवर अडलेले
आणि थंडी घरात शिरत होती.
"बूट काढ," आई म्हणाली. "मोजे भिजलेत तुझे."

जेवणाआधीच्या प्रार्थनेत
बाबा मध्येच थांबले.
बटाट्यांवरची वाफ विरली.
इन्केरीचे हात मांडीवर,
जोडलेले नाहीत, सोडलेलेही नाहीत.
मग एकदम आमेन.

रात्री भिंतीपलीकडून:
"दारात काय म्हणालीस तिला?"
"बूट काढ म्हटलं."
बराच वेळ काही नाही.
उद्याचं प्रवचन बाबांचं आहे, हरवलेल्या मेंढरावर.
मग त्यांचा आवाज, प्रवचनातला नव्हे:
"मलाही कधीकधी, साइमी..."
आणि पलंग करकरला.

मी पांघरूण डोक्यावरून ओढलं.
खाली शेगडीपाशी तिचे मोजे वाळतायत.
सकाळी तिला काय म्हणायचं,
मला कुणी सांगितलेलं नाही.