नाकाच्या गावात

डॉक्टर म्हणाले, फुंका.
नळीतला लाल काटा एकशे ऐंशीवर जाऊन बसला,
शेवटच्या थांब्यावर बसचा ड्रायव्हर पाय पसरतो तसा.
"पंप चालू ठेवा," म्हणाले, "आणि जरा श्वास घ्यायला शिका."
साठाव्या वर्षी!
जणू इतकी वर्षं मी शेजारणीच्या नाकाने जगत होते.

तसं हे गावच नाकाचं.
तिचं इथे कापलं, म्हणून नासिक.
लहानपणी पंचवटीत आत्याकडे गेलं
की मी आधी स्वतःचं नाक चाचपून बघायचे.

आता जेलरोडच्या समाजमंदिरात, पहाटे साडेपाचला,
जाजमावर आम्ही अकरा जण
एकेक नाकपुडी दाबून बसतो.
शिकवते तेजल गांगुर्डे, वय सव्वीस,
बापाचं बिटकोजवळ पंक्चरचं दुकान.
"घाईने हवा भरली की ट्यूब वाकडी फुगते, काकू.
हळू."

उजवी मिटा. डावीने घ्या. चारपर्यंत.
मोजणं मला शिकवायला नको.
चौतीस वर्षं नोटप्रेसमध्ये मोजलंय.
शंभराचं बंडल, मध्येच आकडा चुकला तर पहिल्यापासून.
दिवसभर लाखो हाताखालून जायचे,
आणि संध्याकाळी डबा उघडा, पिशवी उलटी,
फाटकावर झडती.

आहेर मामांनी जन्मभर ट्रक हाकला,
कसारा घाट त्यांच्या मणक्यात उतरलाय.
भुजंगासनात छाती उचलताना
डावा पाय अजून क्लच शोधतो.
शमीम आपा ओंकाराला गप्प असते,
भ्रामरीत मात्र तिचाच भुंगा सगळ्यांत दांडगा.
एकदा मागून मालगाडीने भोंगा दिला
आणि दोघींचा सूर लागला.
तेजलच हसली आधी.
मग कुणाचा श्वास कुठल्या नाकपुडीत, काही पत्ता नाही.

पूरक, कुंभक, रेचक.
बारा वर्षांनी येणारा तो कुंभ, त्याला केवढा बंदोबस्त,
हा दर श्वासाला येतो, दोन आकडे थांबतो, जातो.
मला मात्र धरू देत नाही ती.
"दमेकऱ्यांनी कुंभ लांबूनच बघायचा, काकू."

पौषातल्या एका रात्री छाती आवळली.
पंपाचे दोन फवारे घेतले.
औषध उतरेपर्यंतची मिनिटं
कुणी दुसरं काढून देत नाही.
लेक उठली होती, पाठ चोळत होती,
तरी नाही.
खिडकीचा गज धरला, ओठ बटणाएवढे केले
आणि नुसतं सोडत राहिले.
घ्यायला धडपडायचं नाही,
सोडलं की येतं.
एक, दोन, तीन, चार…
चुकले. पहिल्यापासून.

तेव्हाच ती आठवली, का कोण जाणे,
पदर तोंडावर दाबून या रानातून पळणारी.
रक्त, अब्रू, सूड, सगळं सांगतात कीर्तनात.
पण त्या रात्री
तिने श्वास कुठून घेतला?
नाक म्हणजे इभ्रत, एवढंच शिकवलं आम्हाला.
हवेचं कुणी बोललंच नाही.

दमा गेलेला नाही, खोटं कशाला सांगू.
काटा दोनशे तीसला टेकतो,
थंडी पडली की चार घरं मागे येतो.
दुसऱ्या मजल्यापर्यंत आता न थांबता चढते,
राहते तिसऱ्यावर.
पंप उशाशी आहे, तेजलच रोज विचारते, आणलात ना?

शेवटी शवासन.
पंखा बंद, आहेर मामा घोरायला लागलेले.
"तळवे वर," तेजल म्हणते, "उघडे."
करते.
फाटकावर रोज असेच धरायचे,
बघा,
काही नेत नाहीये.